उंबरठ्याच्या आतली बोली

जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा तीत सुमारे साठ हजार शब्द होते, आणि पुढे यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांच्या संपादनाखाली १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग बाहेर पडले, तेव्हा प्रांतोप्रांतीचे, जातीजातींचे, धंद्याधंद्यांचे असे कितीतरी शब्द प्रथमच छापील पानावर आले. या ग्रंथांविषयी मराठी माणसाने कृतज्ञच राहिले पाहिजे. तथापि जे शब्द माजघरात जन्मतात, पाळण्याशेजारी वाढतात, चुलीपाशी आणि झोपाळ्यावर वापरले जातात आणि पाहुणा दारात दिसताच जिभेवरून आपोआप मागे सरतात, त्यांतले फार थोडे कोशकाराच्या हाती लागतात. कारण ते त्याला सांगावेत असे कोणाला वाटत नाही, आणि विचारावेत असे त्याच्या ध्यानात येत नाही. या घरगुती, लाडिक, खेळकर शब्दसंपत्तीकडे ‘पोरखेळ’ म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. ती सवय सोडून या बोलीकडे आदराने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या बोलीचा सर्वांत जुना आणि सर्वांत स्थिर भाग म्हणजे तान्ह्या मुलाशी बोलण्याची भाषा. जेवण म्हणजे मम्मं, दूध म्हणजे दुदू, निजणे म्हणजे जोजो किंवा गाई, आंघोळ म्हणजे न्हाऊन्हाऊ, बाहेर जाणे म्हणजे भुर्र, देवाला हात जोडणे म्हणजे जेजे, लागले-खरचटले म्हणजे बाऊ; कुत्रा तो भूभू, मांजर ती माऊ, गाय ती हम्मा, आणि चिमणी-कावळे तर चिऊ-काऊ म्हणून प्रत्येक घासाला हजर. हे शब्द मूल स्वतः बनवते आणि आपण कौतुकाने त्याची नक्कल करतो अशी पुष्कळांची समजूत असते, पण वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ‘भुर्र’ किंवा ‘जोजो’ हा शब्द कोणत्याही एका मुलाने शोधून काढलेला नाही. आजीने तो आपल्या आजीकडून घेतलेला असतो आणि मूल बोलू लागण्यापूर्वी कितीतरी महिने तो त्याच्या कानावर घातला जात असतो. म्हणजे ही बाळबोली मुलांची नव्हे, मोठ्यांची आहे. मोठ्यांनी मुलांसाठी पिढ्यान्पिढ्या सांभाळून ठेवलेली आहे, आणि म्हणूनच नागपूरच्या घरातला भूभू रत्नागिरीच्या घरातही भूभूच असतो.

ही गोष्ट शास्त्राच्या पातळीवर मांडली जाण्यात मराठीचा वाटा मोठा आहे, आणि तो सामान्य वाचकाला क्वचितच ठाऊक असतो. १९६४ साली चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने जगातील सहा भाषांमधील बाळबोलीची तुलना करणारा एक निबंध लिहिला. त्यात अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, उत्तर अमेरिकेतील आदिवासींची कोमांची आणि सैबेरियाच्या पूर्व टोकाकडील गिल्याक या भाषांच्या पंक्तीला मराठी होती. त्याच वर्षी आपल्या पुण्याच्या अशोक रामचंद्र केळकरांचा केवळ मराठी बाळबोलीला वाहिलेला स्वतंत्र निबंध न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘वर्ड’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाळण्यावर वाकून आपण जे बोलतो त्याला नियम आहेत, रचना आहे, व्याकरण आहे, ही गोष्ट अशा अभ्यासांनी विद्वानांपुढे ठेवली. आणि एका मराठी पंडिताने आपल्या माजघरातली बोली एवढ्या गांभीर्याने हाती घेतली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

ते नियम आपल्यालाही सहज ताडून पाहता येतात. बाळबोलीतला शब्द बहुधा एकाच अक्षराची पुनरुक्ती करून बनतो. ओठांनी उच्चारायचे प, ब, भ, म आणि दातांजवळचे त, द त्यात विपुल असतात, आणि ळ, ण यांसारखे जिभेला वळवावे लागणारे वर्ण बहुधा टाळलेले असतात. मोठ्यांचा नेहमीचा शब्द मुलासाठी वापरायचा झाला, तर त्यातल्या स चा श होतो आणि र चा ल होतो. म्हणून ‘सोन्या’चा ‘शोन्या’ आणि ‘अरे अरे’चे ‘अले अले’ होते. क्रियापदांची तर फारशी गरजच पडत नाही. ‘करणे’ हे एकच क्रियापद जोजोला, जेजेला, मम्मंला पुरून उरते, आणि ज्या पाटाला अडखळून मूल पडले त्या पाटाला एक चापट मारून ‘हात रे’ केले, की न्यायनिवाडा होऊन रडणेही थांबते. रोमान याकोब्सन या थोर भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात असे प्रतिपादन केले, की मूल स्तनपान करीत असता त्याचे ओठ आईच्या स्तनाला लागलेले असतात, त्यामुळे त्या वेळी त्याला नाकातूनच गुणगुणता येते, आणि तोच ‘म’कार पुढे भुकेचा, अन्नाचा आणि अखेर आईचा वाचक होतो. मराठीत हा ध्वनी अजूनही अन्नापाशीच थांबलेला आहे. मराठी मुलाचे मम्मं म्हणजे भात, आणि आई ती आईच.

बाळबोली पाळण्यापाशीच राहते असेही नाही. ‘बाऊ’ हा मुलाला भीती घालण्याचाही शब्द. परंतु ‘या गोष्टीचा उगाच बाऊ करू नये’ हे वाक्य आपण प्रौढ व्याख्यात्यांच्या तोंडून आणि वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांतून निःशंकपणे ऐकतो व वाचतो. अंधाऱ्या कोठीतला बागुलबुवा तसाच राजकारणात गेला आहे. ज्या शब्दांना आपण घराबाहेर काढायला लाजतो, तेच कधी आपल्या नकळत सार्वजनिक गद्याचा भाग होऊन बसतात.

मूल मोठे होऊ लागले, की घरातली दुसरी शब्दसृष्टी त्याच्याभोवती उभी राहते, ती नावांची. बारशाच्या दिवशी ठेवलेले नाव शाळेच्या दाखल्यावर जाते आणि घरात मात्र बाळ, बंड्या, छकुली, चिंगी, बबडी यांचे राज्य चालते. लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव केशव. पण घरच्या ‘बाळ’ या हाकेने त्याला इतके मागे टाकले, की साऱ्या देशाने त्यांना बाळ गंगाधर टिळक म्हणूनच ओळखले. विनोबांना त्यांची आई ‘विन्या’ म्हणत असे. गजानन दिगंबर माडगूळकर हे अण्णा आणि त्यांचे बंधू व्यंकटेश हे तात्या. आणि पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांना ‘भाई’ म्हणणारांत असे पुष्कळ होते, ज्यांचा त्यांच्याशी काडीचा नातेसंबंध नव्हता. घरातले नाव असे उंबरठ्याबाहेर पडले, म्हणजे त्या माणसाला समाजाने आपल्या कुटुंबात घेतले असे समजावयास हरकत नाही.

एकत्र कुटुंबात तर या नावांनी नात्यांची मोठी गंमतीची उलथापालथ घडवून आणली. घरात धाकटे दीर असले, की ते थोरल्या भावजयीला वहिनी म्हणत, आणि तिचे स्वतःचे मूल कानावर दिवसभर तोच शब्द पडत असल्यामुळे जन्मदात्या आईला वहिनी म्हणू लागे व जन्मभर तसेच म्हणत राही. वडिलांना दादा, भाऊ, काका, नाना किंवा अप्पा म्हणणारी मुले मागच्या पिढीत घरोघर होती, आणि आजी ही कोणाची आई, कोणाची काकू, कोणाची जिजी, कोणाची माई असे. या नावांतही प्रदेशाचा इतिहास आहे. अण्णा, अप्पा, अक्का हे शब्द आपल्याला कन्नडच्या शेजाराने दिले आहेत, आणि इरावती कर्व्यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तरेच्या व दक्षिणेच्या नातेपद्धतींचा संगम कसा आहे हे जे दाखवले, त्याचा पुरावा मराठी घरात केवळ हाका ऐकूनही मिळतो.

लाडाच्या नावांना लागून रागाची नावे येतात, आणि माझ्या मते मराठी कुटुंबाची सगळी सहृदयता या रागाच्या नावांत उतरलेली आहे. रडणारा मुलगा तो रडतराव, रुसलेली मुलगी ती रुसूबाई, भिणारी ती भागूबाई, बडबड्या तो गप्पीदास, लाडावलेला तो लाडोबा, ऐट करणारा तो टिकोजीराव. राव, पंत, बुवा, बाई, दास ही सारी मानाची उपपदे; दरबारात, कीर्तनात, पत्राच्या मायन्यात वापरावयाची. ती चार वर्षांच्या मुलाच्या दोषाला जोडली, की शब्द टोचतो पण जखम करीत नाही. मुलाला कळते की आपले चुकले आहे, आणि तरीही घरात आपली बूज राखली जात आहे. ज्या नावांत हा मान नाही, ज्यांत रंगावर, नाकावर, व्यंगावर बोट ठेवले आहे, ती नावे घरगुती म्हणून क्षम्य ठरत नाहीत. ‘काळी’ किंवा ‘नकटी’ या हाकेचा सल मुलींना सासरी गेल्यावरही सोडत नाही, आणि अशी नावे काळाच्या ओघात बुडत असतील तर त्यांचा शोक करण्याचे कारण नाही.

नाव घेण्यातून जशी, तशीच नाव न घेण्यातूनही एक बोली निर्माण झाली. पतीचे नाव स्त्रीने उच्चारू नये असा संकेत होता तेव्हा ‘अहो’, ‘हे’, ‘इकडून’, ‘तिकडची स्वारी’ अशी सर्वनामांची आणि आडवळणांची एक संपूर्ण व्यवस्था घराघरांत रूढ झाली. रमाबाई रानडे यांनी १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक लिहिले. त्यात आपले पती न्यायमूर्ती रानडे यांचा उल्लेख त्या ‘स्वतः’ या शब्दाने करतात, आणि हा शब्द त्या पुस्तकाचा एवढा आत्मा आहे, की पुढे निघालेल्या इंग्रजी भाषांतराला त्याच अर्थाचे नाव देण्यात आले. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या ‘स्मृतिचित्रां’त पतीला सरळ ‘टिळक’ म्हटले आहे. दोन्ही स्त्रिया थोर, दोन्ही पुस्तके मराठीची भूषणे. पण एकाच काळातल्या दोन घरांतली हवा किती निराळी होती हे त्या दोन शब्दांवरून जितके समजते, तितके चरित्राच्या अनेक पानांवरून समजणार नाही.

आता स्वयंपाकघराकडे वळू. कारण घरातल्या खेळकर भाषेची खरी कोठी तिथे आहे. रात्रीच्या उरलेल्या पोळ्या सकाळी कुस्करून त्यांना फोडणी देणे हा काटकसरीचा प्रकार; परंतु तो ताटात पडताना कोणत्याही गृहिणीने त्याला शिळे म्हटले नाही. कोठे तो कुस्करा झाला, कोठे मनोहरा, आणि काही घरांत तर त्याने माणिकपैंजण असे राजघराण्यातल्या दागिन्याला शोभेल असे नाव धारण केले. तुटपुंज्या मिळकतीत प्रपंच चालवणाऱ्या बायकांनी शिळ्या पोळीला माणकांचे पैंजण म्हणावे, आणि मुलांनी ते मागून मागून खावे, यातली प्रतिभा कोणत्याही कवीच्या प्रतिभेपेक्षा कमी आहे असे मी मानीत नाही. आजाऱ्याचा मऊ भात गुरगुट्या होतो. आणि पाहुण्याला ‘चहाबिहा, पोळीबिळी’ विचारताना जो ‘बि’ शब्दाला जोडून येतो, तो एका अक्षरात साऱ्या घराचे आतिथ्य सांगून जातो. चहाबरोबर आणखी काही आहे, ते काय हे अजून ठरलेले नाही, पण तुम्ही नाही म्हणू नका, असा त्याचा अर्थ.

याच स्वयंपाकघरात आणि बाहेरच्या ओसरीवर दरबारी भाषेने आपला उत्तरकाळ काढला आहे. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजले गेले. परंतु घरांनी त्या जुन्या शब्दांना थारा दिला आणि ते तेथे मायेने वापरले गेले. आजोबांची स्वारी बाजारातून येते, आजीचे फर्मान सुटते, दिवाळीच्या फराळाच्या डब्यांचा बंदोबस्त होतो, माळ्यावरच्या अडगळीवर मोहीम निघते, मुलांच्या खिशांची झडती होते, सापडलेल्या चिंचा-बोरांची जप्ती होते, फुटलेल्या बरणीचा पंचनामा होतो आणि अखेर रात्री नऊ वाजता सभा बरखास्त होते. सत्ता गेली, कचेऱ्या गेल्या, पण त्यांची परिभाषा मुलांच्या खेळण्यात उतरली. इतिहासातल्या मोठ्या जखमासुद्धा असेच घरगुती रूप घेऊन आल्या आहेत. ‘विश्वास ठेव’ म्हटल्यावर ‘विश्वास पानिपतात गेला’ हे उत्तर मराठी घरात किती सहज येते. १७६१ सालच्या संक्रांतीला पानिपतच्या लढाईत विश्वासराव पडले, आणि ते दुःख इतके खोल गेले, की पिढ्यांनंतर ते शब्दखेळ होऊन वर आले. निरोप उलटसुलट पोहोचवणाऱ्या मुलावर ‘ध चा मा’ केल्याचा आरोप येतो, तेव्हा १७७३ सालच्या शनिवारवाड्यातली नारायणरावांच्या खुनाची कथा त्याच्या कानावर प्रथम पडते, आणि पाठ्यपुस्तक पुढे कधी तरी येते. साहित्याने यात भर घातली ती निराळीच, चिं. वि. जोशींचा गुंड्याभाऊ आणि पु. लं.चा लग्नघरात राबणारा नारायण यांची नावे कितीतरी काका-मामांना कायमची चिकटली आहेत.

घरातले काही शब्द खेळकर दिसत असले तरी त्यांच्या मुळाशी भीती किंवा शुभचिंतन आहे. निघताना ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ वाढवतात, दुकान वाढवतात आणि दिवा मालवतात. रात्री सापाचे नाव न घेता ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणतात. मासिक पाळीच्या दिवसांत आई कोपऱ्यात बसली, की मुलांना ‘कावळा शिवला’ म्हणून सांगत, आणि मुले खरोखरच तो कावळा कोठून आला हे पाहायला अंगणात धावत. या शेवटच्या शब्दामागे जे वेगळे बसणे होते ते स्त्रीला अवमानकारक होते. शब्द आणि चाल दोन्ही पुष्कळ घरांतून गेली हे उत्तम झाले. परंतु ‘येतो’ या शब्दावाचून मराठी घराचे दार मला सुने वाटेल.

मुले थोडी मोठी झाली, की मोठ्यांपासून लपवायची भाषा त्यांना स्वतःलाच हवीशी वाटते. च ची भाषा ही त्यांतली सर्वपरिचित. शब्दाच्या पहिल्या अक्षरातले व्यंजन उचलून अखेरीस ठेवायचे आणि त्याच्या जागी च बसवायचा, म्हणजे पाण्याचे ‘चाणीप’ आणि लाडूचे ‘चाडूल’ होते. घराघरात तिचे नियम थोडेथोडे बदलतात, आणि भावंडांत ती इतक्या वेगाने बोलली जाते, की मोठ्यांना ती समजत असूनही समजत नाही असे दाखवावे लागते. बोटांच्या खुणांनी बोलण्याची करपल्लवी आणि डोळ्यांच्या खुणांनी बोलण्याची नेत्रपल्लवी ही तिची वडीलधारी भावंडे.

प्रांत बदलला की ही बोली रंग बदलते. मालवणी घरात मुलगा तो झील आणि मुलगी ती चेडू. वऱ्हाडात पोट्टा आणि पोट्टी. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर तंजावरला गेलेल्या मराठी कुटुंबांनी तीनशे वर्षांहून अधिक काळ तमिळ मुलखात आपली मराठी राखली आहे. शाळा, बाजार, कचेरी सगळीकडे तमिळ बोलून ती घराच्या आत जिवंत ठेवली, म्हणजे तिथे तर सगळी मराठीच उंबरठ्याच्या आतली बोली झाली. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांची गोष्टही याच जातीची आहे.

एवढे झाले ते सर्वांच्या मालकीच्या शब्दांविषयी. परंतु प्रत्येक घराचे असेही काही शब्द असतात, जे दुसऱ्या कोणत्याच घराला कळत नाहीत. लहानपणी एखाद्या मुलाने एका वस्तूचा उच्चार चुकीचा केला, घर हसले, आणि ते मूल नोकरीला लागले तरी सारे घर तोच चुकीचा उच्चार करीत राहिले. एखाद्या विसराळू पाहुण्याचे आडनाव त्या घरात विसरण्याचे क्रियापदच होऊन बसले. एखाद्या फसलेल्या पक्वान्नाचे नाव पुढे कोणत्याही फजितीला लावले गेले. अशा शब्दाला इतिहास असतो, कर्ता असतो, जन्मतिथीसुद्धा असते, आणि त्याचे आयुष्य मात्र ते घर एकत्र बसून जेवते तोवरच असते. शहरात कुटुंबे लहान झाली, आजी-आजोबा एका गावी आणि नातवंडे दुसऱ्या देशी झाली, तेव्हा हे शब्द एका पिढीकडून दुसरीकडे जाण्याची वाटच खुंटली. कोणत्याही कोशमंडळाला ते वाचवता येणार नाहीत, कारण त्यांचा अर्थ जाणणारी माणसे साऱ्या जगात दहा-बाराच असतात.

म्हणून वाचकांना माझी एक विनंती आहे. घरातले सर्वांत वडील माणूस अजून बोलते आहे तोवर एक साधी वही घ्यावी, आणि आपल्या घरातले असे शब्द त्याच्याजवळ बसून लिहून काढावेत. शब्द कोणी काढला, कशावरून काढला, कोणावर वापरला, तो ऐकून कोण चिडत असे, हे सारे त्याच्यापुढे टिपावे, आणि ती वही घरातल्या मुलांच्या हाती लागेल अशा ठिकाणी ठेवावी. हे काम येत्या सुट्टीतच करावे.